एम्ब्रॉयडरी मशीन: धागा तुटण्यापासून टायमिंगपर्यंत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे १२ किंवा १५ सुयांची, एक-दोन हेडची (शिवणाऱ्या डोक्यांची) मशीन गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी चालवणाऱ्यांसाठी आहेत. काम तेच: लग्नसराईचे ब्लाऊज, शाळांचे लोगो, पोळ्याच्या झुली, दिंडीच्या पताका. मेकॅनिक नागपूर, अमरावती नाहीतर अकोल्याहून येणार, म्हणजे तो दिवस गेलाच. त्याला बोलावण्याआधी स्वतःला जे करता येते ते इथे आहे. आकडे दाहाओ कंपनीचे पॅनेल (मशीन चालवायचा पडदा) असलेल्या चिनी मशीनना आणि त्याच घडणीच्या इतर मशीनना लागू पडतात. तुमच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर पुस्तिकेचाच धरा.

मशीन नीट शिवत नाही. सुरुवात कुठून करायची?

स्वस्तापासून महागाकडे जा. आधी सुई, मग धाग्याची वाट, मग बॉबिन आणि बॉबिन केस, मग हूकमधला, म्हणजे खाली फिरून वरचा धागा पकडणाऱ्या भागातला कचरा, मग फ्रेममधले कापड, मग डिझाइन, मग वीज. टायमिंग, म्हणजे सुई आणि हूक यांचा मेळ, सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी उलटे होते. धागा तुटायला लागला की पहिल्या तासातच कोणीतरी हूकचे स्क्रू ढिले करतो आणि दहा रुपयांच्या सुईचा बिघाड दोन दिवसांचा होऊन बसतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ५००-१००० टाके चालवून बघा. सुई, धागा आणि टेन्शन (धाग्याचा ताण) एकदम बदलले, तर मशीन सुधारले तरी कशामुळे ते कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिथूनच सुरुवात.

वरचा धागा सारखा तुटतो. कारण कसे ओळखायचे?

तीन प्रश्न विचारा.

पहिला: एकाच सुईवर तुटतो की सगळ्या सुयांवर? हूक, निडल प्लेट आणि बॉबिन एका हेडवरच्या सगळ्या सुयांना मिळून एकच असतात. फक्त ४ नंबरवर तुटत असेल तर दोष ४ नंबरच्या सुईत, धाग्याच्या कोनात (रिळात), टेन्शनमध्ये किंवा त्याच्या धाग्याच्या वाटेत आहे. हूकला हात लावायचे कारणच नाही. सगळ्या सुयांवर तुटत असेल तर खालचे बघा.

दुसरा: डिझाइनमध्ये एकाच जागी तुटतो का? तसे असेल तर मशीन निर्दोष आहे आणि पंचिंग (डिझाइनची फाइल बनवण्याचे काम) चुकले आहे. एकावर एक तीन-चार थर, एक मिलिमीटरपेक्षा अरुंद सॅटिन (शेजारी शेजारी आडव्या टाक्यांची पट्टी), किंवा एकाच बिंदूवर साचलेले बारीक टाके, यांपैकी काहीतरी असते. साध्या भरावाची घनता, म्हणजे टाक्यांच्या दोन ओळींतले अंतर, ०.४ मिमी पुरते. ०.३ च्या खाली गेल्यावर कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते आणि सुई तापते.

तिसरा: तुटलेले टोक कसे दिसते? पिंजलेले असेल तर धागा कुठेतरी घासतो आहे: सुईचे नेढे, हूकचे टोक, निडल प्लेटचे भोक. टोक सरळ कापल्यासारखे असेल तर ट्रिमरचे (धागा आपोआप कापणाऱ्या भागाचे) पाते जागेवर परत जात नाही का ते बघा, नाहीतर कुठल्या तरी पत्र्याची धार लागते आहे. धागा ताणून तुटला आणि टोक पीळ पडून वळले असेल तर वाटेत अडकतो आहे. कोनाच्या बुडाशी पडलेला वेढा, दोनदा ओवलेली वाट किंवा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला धाग्याचा तुकडा शोधा.

हूकचा ओरखडा डोळ्याला दिसत नाही, नखाला लागतो. मशीन बंद करून, बॉबिन केस काढून, हूकच्या टोकावरून आणि कडेवरून नख फिरवा. किंचित खरखर असेल तर २००० नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून भागते. टोकच बोथट झाले असेल तर हूक बदला. कानस लावू नका. टोक एकदा कमी झाले की टायमिंग कितीही लावले तरी टाका सुटतो.

धागाही तपासा. खिडकीत ऊन खात पडलेला रेयॉनचा कोन वरून चकचकीत दिसतो पण आतून गेलेला असतो. हातभर धागा दोन्ही हातांत धरून झटका द्या. चांगला धागा हाताला कापतो, जुना पटकन तुटतो.

सुई केव्हा बदलायची आणि कशी बसवायची?

सतत वापरातली सुई आठ-दहा तास चालली की बदला. फ्रेमला धडकलेली सुई सरळ दिसली तरी फेकून द्या. ती काचेवर आडवी ठेवून लोळवली की वाक लगेच दिसतो.

या मशीनना डीबी×के५ (DB×K5) जातीची सुई लागते. साध्या शिलाई मशीनच्या डीबी×१ (DB×1) पेक्षा हिचे नेढे मोठे असते, म्हणून टेलरकडून उसनी आणलेली सुई बसते पण धागा पिंजते. ७५/११ म्हणजे सुईचा खालचा बारीक भाग ०.७५ मिमी जाड. रोजच्या कामाला हीच सुई ठेवा.

बसवताना लांब खाच पुढे म्हणजे तुमच्याकडे आणि नेढ्यावरचा खोलगट भाग मागे हूककडे. सुई वरपर्यंत टेकली पाहिजे. सुईदांडीच्या (सुई जिच्यात बसते ती दांडी) बारीक भोकातून सुईचे वरचे टोक दिसते का ते बघा आणि मगच स्क्रू आवळा. नेढे समोर बघावे. किंचित उजवीकडे वळले तर चालते, डावीकडे वळले की टाके सुटतात. नेढ्यातून दुसरी सुई आडवी घातली की वळण नेमके कळते.

टेन्शन बरोबर आहे हे कसे ओळखायचे?

आधी खालचे, मग वरचे. खालचे हलले की वरच्या सगळ्या सुयांचे गणित बदलते, म्हणून बॉबिन केस एकदा लावली की उगाच छेडायची नाही.

बॉबिन केस धाग्याला लटकवा आणि हाताला हलका झटका द्या. एक-दोन इंच खाली येऊन थांबली तर ठीक. आपोआप घसरत गेली तर ढिली, जागची हललीच नाही तर घट्ट. पट्टीवरचा मोठा स्क्रू एका वेळी फार तर एक-अष्टमांश फेरी फिरवा. लहान स्क्रू पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावू नका. गेज असेल तर २० ते ३० ग्रॅममध्ये ठेवा. वरचा धागा सुईतून ओढताना ४० नंबरच्या रेयॉन-पॉलिस्टरला साधारण १०० ते १३० ग्रॅम यावे.

नंतर प्रत्येक सुईने चार मिमी रुंद, एक-दीड इंच लांब सॅटिनची पट्टी काढा आणि उलटी बाजू बघा. मधला एक तृतीयांश पांढरा, दोन्ही कडांना वरचा रंग, असे दिसले की जमले. पांढरा दिसतच नसेल तर वरचे ढिले किंवा खालचे घट्ट. सगळीकडे पांढराच असेल तर उलट. बॉबिनचा पांढरा सुलट्या बाजूला डोकावत असेल तर वरचे सोडायच्या आधी बॉबिन केसच्या पट्टीखाली बघा. तिथे कापसाचा एक कण अडकला तरी पट्टी उचलली जाते आणि खालचे टेन्शन जाते. व्हिजिटिंग कार्डाचा कोपरा पट्टीखालून फिरवला की तो कण निघतो.

बॉबिन काठोकाठ भरू नका. कडेच्या थोडे आत थांबा आणि नेहमी एकाच दिशेने भरा. एक एल साइजचा बॉबिन साधारण २० ते ३० हजार टाके जातो.

निडल प्लेटखाली धाग्याचा गुंता होतो आणि कापड अडकते.

गुंता खाली दिसतो पण चूक बहुतेक वेळा वरच्या धाग्यात असते. धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नाही, टेक-अप लिव्हरच्या (धागा वर ओढणाऱ्या, वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या) भोकातून सुटला आहे किंवा ओवलेलाच नाही. कापड फ्रेममध्ये ढिले असेल तर सुईबरोबर वर उचलले जाते आणि तिथेही फास साचतात. दाबपायाचे तळ सर्वांत खाली आल्यावर कापडापासून अर्धा ते एक मिमी वर असावे. पातळ कापडावरून जाड झुलीवर गेल्यावर ही उंची पुन्हा बघावी लागते आणि हमखास राहून जाते.

अडकलेले कापड ओढू नका. फ्रेम सोडवा, निडल प्लेटचे स्क्रू काढा, खालून लहान कात्रीने गुंता थोडा थोडा कापा. ओढाताणीत हूकची पकड आणि ट्रिमरचे पाते दोन्ही वाकतात.

ट्रिम झाल्यावर पुढच्या रंगाला सुईतून धागाच निघून येतो.

ट्रिमनंतर राहिलेले शेपूट आखूड पडते आहे. पॅनेलवर ट्रिमची लांबी एक पायरी वाढवून बघा. फरक पडला नाही तर वरचा धागा धरून ठेवणारी वेल्क्रोची पट्टी बघा. तिच्यात धाग्याचे तुकडे आणि तूस भरले की ती धागा धरत नाही. चिमट्याने साफ करा, दात बसले असतील तर नवी लावा.

उलट तक्रार, म्हणजे धागा कापलाच जात नाही, याचे कारण बोथट पाते किंवा पात्याखाली साचलेले तुकडे. हलते आणि स्थिर पाते जोडीनेच बदला. फक्त एक बदलले तर नवे पाते जुन्याच्या खाचेत घासून आठवड्यात बोथट होते.

धागा तुटलेला नसताना मशीन ‘धागा तुटला’ दाखवून थांबते.

धाग्याने फिरणारे बारीक चाक सेन्सरला खबर देते. धागा त्या चाकाला पूर्ण वेढा घेऊन गेला पाहिजे. नुसता वरून गेला की चाक घसरते आणि मशीनला धागा तुटल्यासारखे वाटते. चाकामागच्या फटीत तूस साचले तरी हेच होते. मऊ ब्रशने काढा, ओल्या फडक्याने नाही. चेक स्प्रिंग (धागा ताणून धरणारी बारीक तार) प्रत्येक टाक्याला हलताना दिसली पाहिजे. वाकली किंवा गंजली असेल तर बदला, ती स्वस्त असते. पॅनेलवर सेन्सरची संवेदना कमी करून वेळ मारून नेता येते, पण मग धागा खरेच तुटला तरी मशीन वीस-पंचवीस टाके रिकामेच मारते आणि ब्लाऊजच्या गळ्यावर भोके राहतात.

टायमिंग हलले आहे हे कसे कळते? घरी लावता येते का?

फ्रेम सुईखाली आली, मोठा आवाज झाला, सुई तुटली आणि त्यानंतर सगळ्या सुयांवर टाके सुटू लागले, तर टायमिंग तपासायला हरकत नाही. असा धक्का बसलेला नसताना टायमिंग आपोआप हलणे दुर्मीळ आहे.

तपासायला मेन स्विच बंद करा. नवी सरळ सुई लावा, शक्यतो मधल्या नंबरची. निडल प्लेट आणि बॉबिन केस काढा. बाजूच्या गोल चाकाने मुख्य शाफ्ट हाताने फिरवत अंशांच्या तबकडीवर २०१ वर आणा. सुई तळाशी जाऊन नुकती वर निघालेली असते आणि त्याच क्षणी हूकचे टोक सुईच्या बरोबर मागे, मध्यावर यायला हवे. पुस्तिका १९९ ते २०३ पर्यंत सूट देतात. टोक आणि सुई यांच्यात ०.१ ते ०.३ मिमी फट हवी. टोक सुईला टेकून तिला ढकलत असेल तर ते लवकर बोथट होते. फट जास्त असेल तर फास पकडला जात नाही.

लावायचेच असेल तर हूकचे तीन स्क्रू इतकेच सैल करा की हूक हाताच्या जोराने फिरेल, पण आपोआप नाही. २०१ वर टोक जुळवा, फट बघा, समोर दिसणारा एक स्क्रू आवळा, पुन्हा एक पूर्ण फेरी हाताने फिरवून तपासा आणि मग उरलेले दोन. हूकचा आतला भाग फिरू नये म्हणून त्याला अडवणारे बोट खाचेत बसलेच पाहिजे. बोट आणि खाच यांच्यातून वरचा धागा सहज निसटायला हवा. इथे चिमटला की खाली बारीक फास दिसतात आणि माणूस विनाकारण टेन्शन छेडत बसतो.

सुईदांडीची उंची बदलावी लागेल असे वाटले तर तिथे थांबा. ते काम मेकॅनिकचे.

तेल कुठे, किती आणि कोणते?

हूकच्या फिरत्या कडेवर एक थेंब, सकाळी सुरू करताना आणि नंतर दर चार तासांनी. मशीन ८०० टाक्यांच्या वेगाने चालते तेव्हा हूक मिनिटाला १६०० फेऱ्या मारतो, कारण एका टाक्याला त्याच्या दोन फेऱ्या होतात. ही जागा कोरडी राहिली तर आधी आवाज बदलतो, मग धागा पिंजतो, मग हूक जातो. दोन थेंब घातले तर काही बिघडत नाही, फक्त कापडावर डाग पडतो. म्हणून तेल दिल्यावर चिंधीवर मिनिटभर चालवा.

सुईदांड्यांना आठवड्यातून एकदा एकेक थेंब, वर फेल्ट असते तिथे. फ्रेम सरकते ते रूळ पुसून महिन्यातून एकदा ग्रीसचा पातळ हात. धूळ न पुसता वर ग्रीस लावले की ती धूळ पॉलिशच्या लेपासारखी रूळ खाते. कॅम आणि गिअरला लिथियम ग्रीस, तीन ते सहा महिन्यांनी.

पांढरे, पातळ शिलाई मशीनचे तेल वापरा. खोबरेल थंडीत गोठते, मोटारसायकलचे ऑइल काळे पडून चिकट होते आणि रॉकेलने धुतले की आतले सगळे वंगण जाऊन धातू उघडा पडतो.

आमच्याकडे कापसाची जिनिंग (सरकी काढायची गिरणी) जवळ आहे, उन्हाळ्यात कूलर लागतो. काय काळजी घ्यायची?

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की यवतमाळ, वर्धा, अकोल्याच्या पट्ट्यात हवेत सरकीची तूस तरंगते. ती तेलाला चिकटते आणि हूकमध्ये फेल्टसारखा करडा थर बसतो. या महिन्यांत निडल प्लेट आठवड्याऐवजी रोज उघडा. हूकभोवती ब्रश फिरवा, ट्रिमरच्या पात्याखालून चिमट्याने तुकडे काढा. ब्लोअर असेल तर ओढून घेणाऱ्या बाजूने वापरा. फुंकणाऱ्या बाजूने तूस बेअरिंगमध्ये आणि कंट्रोल बॉक्सच्या पंख्यात जाते. पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची हवा तर अजिबात नको, तिच्यात पाणी असते.

कंट्रोल बॉक्सच्या पंख्याची जाळी दर पंधरा दिवसांनी काढून झटका. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो आणि जाळी बुजलेली असेल तर दुपारी दोन-तीनच्या सुमारास मोटरच्या ड्रायव्हरचा एरर येतो. संध्याकाळी तेच मशीन निमूट चालते. सकाळ-संध्याकाळ बरे आणि दुपारी बंद असा पाढा असेल तर आधी गरमी तपासा.

देसी कूलरचा झोत मशीनवर सोडू नका. ओल्या हवेने निडल प्लेट, सुया आणि बॉबिन केसची पट्टी गंजते. कूलर माणसाकडे, मशीन आडोशाला. धाग्याचे कोन झाकणाच्या डब्यात ठेवा. फार कोरड्या हवेत रेयॉन ठिसूळ होते आणि पॉलिस्टरला स्थिर वीज धरते.

लाईन जाते-येते. मशीनचे काय नुकसान होते आणि अर्धे राहिलेले डिझाइन वाया जाते का?

वाया जायलाच हवे असे नाही. बहुतेक पॅनेल किती टाके झाले ते लक्षात ठेवतात. लाईन गेल्यावर फ्रेमला धक्का लावू नका. परत आल्यावर पाच-दहा टाके मागे घेऊन सुरू करा. फ्रेम हलली असेल तर पॅनेलवरच्या ‘वीज गेल्यानंतर फ्रेम परत आणा’ या पर्यायाने ती जागेवर येते. मात्र त्यासाठी मशीनचा मूळ बिंदू आधी एकदा नोंदवलेला असावा लागतो. बहुतेकांनी तो नोंदवलेला नसतो. आजच नोंदवा, पाच मिनिटांचे काम आहे. जोडीला सुरुवातीची जागा कापडावर खडूने खुणवायची सवय ठेवा.

लाईन गेली की मशीनचा स्विच बंद करा आणि खोलीतला एक बल्ब चालू ठेवा. तो पेटल्यावर दोन-तीन मिनिटे थांबून मग मशीन लावा. परत येणाऱ्या लाईनचा पहिला झटका बोर्डाला बसतो तो असा वाचतो.

मीटरने तीन आकडे मोजा. सकाळचा व्होल्टेज. उन्हाळ्यात रात्री आठ वाजता, सगळ्या घरचे कूलर चालू असताना, मशीन चालवून घेतलेला व्होल्टेज. आणि न्यूट्रल ते अर्थिंग. दुसरा आकडा २०० च्या खाली येत असेल तर सर्व्हो स्टॅबिलायझर लागेल. तिसरा २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग नीट करा, कारण खराब अर्थिंगला स्टॅबिलायझर हा उपाय नाही. फ्रेम आपोआप उडणे, पॅनेल मध्येच बंद पडून सुरू होणे, अंगाला मुंग्या येणे ही सगळी त्याच घरची तक्रार. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि अर्थिंगच्या सळईपासून सुटते. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी टाका.

घरचा साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर मशीनला लावू नका. शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस लागतो आणि तोही तासभर चालवायला नसून टाका पूर्ण करून धागा कापण्यापुरता. एकाच लाईनवर पिठाची गिरणी किंवा वेल्डिंग असेल तर मशीनला मीटरपासून वेगळी वायर ओढा.

बॉर्डर भरावावर बसत नाही, सरकते.

दहापैकी आठ वेळा कापड फ्रेममध्ये ढिले असते किंवा खाली लावायचा आधाराचा पेपर कमी पडतो. होजिअरीच्या टी-शर्टला कापून काढायचा जाड नॉन-वूव्हन, सुती शर्टाला फाडायचा पेपर. कापड ताणू नका, फक्त सपाट ठेवा. ताणून धरलेले कापड फ्रेम सोडल्यावर आकसते आणि बॉर्डर आतल्या बाजूला दिसते.

मग वेग ९०० वरून ६५० वर आणून बघा. वेग कमी केल्यावर बरोबर बसत असेल तर फ्रेमचे स्क्रू, पॅन्टोग्राफचे (फ्रेम हलवणाऱ्या सांगाड्याचे) जोड आणि एक्स-वायचे (आडवे-उभे सरकवणारे) बेल्ट तपासा. बेल्ट बोटाने दाबून दोन्ही बाजूंना सारखा ताण आहे का बघा. वेगाने काही फरक पडत नसेल आणि प्रत्येक पीसवर चूक त्याच दिशेला, तेवढीच येत असेल, तर ते पंचिंग. पुल कॉम्पेन्सेशन (कापड आकसते ते धरून टाका जरा रुंद ठेवणे) वाढवायला सांगा.

जमीनही बघा. काळ्या मातीवरच्या घरात पावसाळ्यात फरशी फुगते, उन्हाळ्यात बसते. चार पायांपैकी एक अधांतरी राहिला की मशीन वेगात हादरते. वर्षातून दोनदा पाणसळ ठेवून पायांचे बोल्ट जुळवा.

शाळेच्या लोगोतली मराठी अक्षरे भरून जातात.

इंग्रजी अक्षर ५ मिमीला वाचता येते, मराठीला तेवढे पुरत नाही. शिरोरेषेवर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. ‘जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा’ ८ मिमीच्या खाली घेऊ नका. त्याहून लहानच हवे असेल तर ६५/९ सुई आणि ६० नंबरचा बारीक धागा घ्या, अनुस्वाराचा ठिपका किमान एक मिमीचा करा आणि शिरोरेषा सलग ओढण्याऐवजी शब्दागणिक तोडा. गणवेशाला पॉलिस्टर धागाच वापरा. रेयॉन ब्लीच सहन करत नाही आणि गणवेश ब्लीचमध्ये बुडतोच.

झूल, टसर, जरी: कशाला काय?

मखमली किंवा जाड कापडाच्या झुलीला ९०/१४ सुई, वेग ६००, दाबपाय वर. मखमलीवर पाण्यात विरघळणारी फिल्म टाका, नाहीतर टाके लवेत बुडतात. भंडारा-गडचिरोलीकडचे टसर आणि करवत काठी साडी यांना ६५/९ किंवा ७५/११ नवी कोरी सुई. बोथट सुईने ओढला गेलेला धागा परत बसत नाही. जरीला ८०/१२ किंवा ९०/१४, टेन्शन ढिले, वेग ५०० ते ६००, आणि कोन मशीनपासून जरा दूर उभा करा म्हणजे पीळ वाटेतच सुटतो.

पॅनेल ‘१०० अंशांवर नाही’ असे दाखवते आणि रंग बदलत नाही.

सुया बदलण्यासाठी शाफ्ट १०० अंशांवर थांबलेला असावा लागतो. ट्रिम होताना धागा अडकला किंवा सुई कापडात रुतली की तो मध्येच थांबतो. चाकाने हाताने १०० वर आणा, एरर जातो. रोज येत असेल तर शाफ्टचा बेल्ट ढिला आहे किंवा एन्कोडरचा (शाफ्ट किती अंशांवर आहे ते सांगणाऱ्या भागाचा) जोड घसरतो आहे. सुयांचा नंबरच चुकीचा दाखवत असेल तर हेड दोन सुयांच्या मध्ये अडकले आहे. रंगबदल बॉक्सच्या बाजूची मूठ फिरवून ते एका सुईवर नेमके आणा.

पेन ड्राइव्हमधले डिझाइन दिसत नाही.

पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, फाइलचे नाव इंग्रजी आणि आठ अक्षरांच्या आत ठेवा, फाइल डीएसटी (.dst) प्रकारची असावी. मराठी नावाची फाइल बऱ्याच पॅनेलला दिसतच नाही. डीएसटीमध्ये रंग साठवलेले नसतात, फक्त रंग बदलायची जागा असते. म्हणून रंगांचा क्रम पंचिंगवाल्याकडून लिहून घ्या.

पावसाळ्यात काम कमी असते. मशीन बंद ठेवायचे असेल तर?

सुया काढून तेलाच्या फडक्यात गुंडाळा, हूकला दोन थेंब जास्त द्या, सगळ्यांवर सुती चादर टाका. प्लास्टिकखाली घाम धरतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास रिकामे चालवा, म्हणजे कंट्रोल बॉक्समधली ओल उडते. वायर जिथून आत जातात ती भोके बुजवा. उंदराने कुरतडलेली वायर शोधणे हे या मशीनवरचे सगळ्यात किचकट काम आहे, आणि बोर्डावर पाल चिकटून झालेला शॉर्ट त्याहून महाग.

कोणते सामान घरात ठेवावे?

७५/११ च्या शंभर सुया आणि ६५, ९० च्या दहा-दहा, दोन बॉबिन केस, चार चेक स्प्रिंग, ट्रिमरच्या पात्यांची एक जोडी, एक हूक, निडल प्लेटचे स्क्रू, फ्यूज. हूक आणि बॉबिन केसमध्ये पैसे वाचवू नका. खूप स्वस्त हूकची कड मऊ असते आणि पहिल्याच सुईधक्क्यात ओरखडते. साधे सामान नागपुरात मिळते, बोर्ड आणि मोटरसाठी बहुतेक वेळा सुरतेला फोन करावा लागतो. कुरिअरचे दिवस धरूनच लग्नसराईची तारीख कबूल करा.

मेकॅनिकला फोनवर काय सांगायचे?

मशीनच्या पाटीचा फोटो, पॅनेलवरचा एररचा नंबर, बिघाड एका सुईवर की सगळ्या, आणि बिघडलेल्या नमुन्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो. उलट्या बाजूचा फोटो जास्त उपयोगाचा. आवाजाची तक्रार असेल तर निडल प्लेट काढा, मेन स्विच बंद ठेवून चाक हाताने सावकाश फिरवा आणि हूकचा व्हिडिओ घ्या. चालू मशीनच्या व्हिडिओत नुसता आवाज येतो, हूक दिसत नाही.